जम्बो जेट उतरवणाऱ्यांना टायगर मॉथ का दमवते?

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा नाद हल्ली बऱ्याच जणांना लागला आहे. ढग, डोंगर, धावपट्टीवरचे दिवे सगळे इतके हुबेहूब दिसते की तो लागला नाही तरच नवल. बहुतेक मंडळी थेट मोठ्या प्रवासी विमानापासून सुरुवात करतात. ऑटोपायलट कधी लावायचा, कुठला आकडा कुठे भरायचा हे थोड्या दिवसांत अंगवळणी पडते, विमान आपसूक धावपट्टीवर टेकते आणि आपल्याला उडवता येते असा भरवसा वाटू लागतो. मग कधीतरी गंमत म्हणून टायगर मॉथसारखे १९३० च्या दशकातले एखादे शिकाऊ बायप्लेन निवडले जाते. चार सिलिंडरचे इंजिन, वेग-उंची दाखवणारी मोजकी घड्याळे, एकही स्क्रीन नाही. यात काय अवघड असणार? थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पुढे सरकवतो, विमान धावू लागते, नाक हळूच एका बाजूला वळते, आपण स्टिक, म्हणजे हातातला दांडा, उलट बाजूला दाबतो, काही फरक पडत नाही, आणि बघता बघता विमान गवतात गर्रकन फिरून पंखाच्या टोकावर कलंडते.

पहिला संशय अर्थातच सॉफ्टवेअरवर. क्वचित तो खराही निघतो. पण बहुतेक वेळा सिम्युलेटर, म्हणजे उड्डाणाची नक्कल करणारे हे सॉफ्टवेअर, खऱ्या विमानात घडते बरोबर तेच दाखवत असतो. आपण उडवायला शिकलोय असे ज्याला समजत होतो, ते निम्म्याहून अधिक बटणे दाबायला शिकणे होते. माझे मत सरळ आहे: घरच्या सिम्युलेटरवर खरोखर उडवायला शिकायचे असेल, तर सुरुवातीला याच जुन्या विमानांइतका चांगला मास्तर नाही. का, ते समजायला आधी विमान समजून घेऊ.

## एकावर एक पंख कशासाठी?

पंखांच्या दोन जोड्या, एक वर आणि एक खाली, असे विमान म्हणजे बायप्लेन. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमाने अशीच होती. लाकूड आणि कापडाचा एकच लांब पंख पुरेसा भक्कम करायचा तर तो जड होई. त्याऐवजी दोन पंख घेतले, मध्ये खांब उभे केले आणि तिरक्या तारा ताणल्या, की सांगाडा हलका राहूनही मजबूत होतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते, कारण प्रत्येक खांब आणि प्रत्येक तार हवेला अडवते. पुढे धातूच्या पत्र्याची विमाने बनू लागली आणि वेगाच्या शर्यतीतून बायप्लेन बाद झाले.

शिकवण्याच्या कामात मात्र ते टिकून राहिले. नवशिक्याला वेग नकोच असतो. त्याला हवे असते सावकाश उडणारे, आपटले तरी निभावणारे, आणि कापड फाटले तर पुन्हा शिवता येईल असे विमान. ब्रिटनचे डी हॅविलंड टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडाले आणि पुढे त्याच्या आठ हजारांहून जास्त प्रती बनल्या. अमेरिकेचे स्टिअरमन १९३४ चे. टायगर मॉथचे इंजिन १३० अश्वशक्तीचे, तर स्टिअरमनच्या पीटी-१७ या प्रकाराचे २२०, म्हणजे हे गडी जरा दांडगे. जर्मनीचे ब्यूकर युंगमानही १९३४ चेच. सोव्हिएत पो-२ मात्र १९२८ चे, आणि त्याची कहाणी वेगळीच: हे शिकाऊ विमान घेऊन दुसऱ्या महायुद्धात महिला वैमानिकांची एक अख्खी रेजिमेंट रात्रीच्या अंधारात बॉम्बफेकीला जात असे.

टायगर मॉथचा एक तपशील मला फार आवडतो. त्यात शिक्षक पुढे बसतो आणि विद्यार्थी मागे. आधीच्या मॉथमध्ये वरचा पंख आणि त्याचे खांब पुढच्या बैठकीच्या अगदी भोवती यायचे, त्यामुळे पॅराशूट बांधलेल्या माणसाला घाईत बाहेर पडणे मुश्कील. म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. पण पंख पुढे गेला की उचल देणारी ताकदही पुढे जाते आणि विमानाचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी पंखांची टोके मागे झुकवली. सिम्युलेटरमध्ये बाहेरचा कॅमेरा लावून विमान वरून बघा. पंख जे मागे वळलेले दिसतात ते ऐटीसाठी नव्हेत, शिक्षकाच्या जिवासाठी आहेत.

## पायांना काम आहे

विमान तीन गोष्टींनी वळवतात. स्टिक पुढे-मागे केली की शेपटीवरची आडवी फळी, म्हणजे एलिव्हेटर, हलते आणि नाक खाली-वर होते. स्टिक डावी-उजवीकडे केली की पंखांच्या मागच्या कडेची झडप, एलेरॉन, हलते आणि विमान कलते. पायांखालच्या पॅडलने शेपटीचे उभे पाते, रडर, हलते आणि नाक डावी-उजवीकडे फिरते.

आधुनिक प्रवासी विमानात हवेत असताना पायांची फारशी गरज पडत नाही. यंत्रणा परस्पर सांभाळून घेते. टायगर मॉथमध्ये तसे कोणी नाही. समजा डावीकडे वळायचे आहे. स्टिक डावीकडे नेली की उजव्या पंखाची झडप खाली जाते आणि त्या पंखाला जास्त उचल मिळते. पण जास्त उचल घेणारा पंख हवेचा विरोधही जास्त खातो, म्हणून तो मागे ओढला जातो. परिणाम असा की विमान डावीकडे कलते आणि नाक मात्र उजवीकडे जाते. डी हॅविलंडच्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. त्यांनी झडपांची रचना अशी केली की वर जाणारी झडप भरपूर जाते आणि खाली जाणारी अगदी थोडी. तरीही ओढ पुरती जात नाही. त्यात टायगर मॉथला झडपा फक्त खालच्या पंखांवर आहेत, त्यामुळे प्रतिसाद आळशी, आणि नवशिका स्टिक आणखी जोरात दाबतो.

उपाय पायात आहे. स्टिक डावीकडे नेतानाच डावे पॅडल हलकेच दाबायचे. दोन्ही एका वेळी, एका लयीत. नीट जमले का, हे घड्याळांच्या फळीवर कळते. बहुतेक विमानांत वाकड्या काचेच्या नळीत एक गोळी असते (टायगर मॉथच्या बऱ्याच प्रतींत त्याऐवजी काटा असतो). गोळी मधोमध असेल तर वळण स्वच्छ. गोळी उजवीकडे पळाली तर उजवे पॅडल, डावीकडे पळाली तर डावे. खऱ्या उघड्या कॉकपिटमध्ये गोळीकडे बघावेही लागत नाही: विमान बाजूला घसरत असेल तर वारा त्या गालावर लागतो. घरच्या खोलीत हा गाल आपल्याकडे नाही, म्हणून गोळीशी दोस्ती करावी लागते.

## जमिनीवर ते गर्रकन का फिरते?

आजच्या बहुतेक विमानांना एक चाक नाकाखाली आणि दोन मागे असतात. या जुन्या विमानांत दोन मोठी चाके पुढे, आणि शेपटीखाली एक छोटे चाक किंवा नुसती लोखंडी नालेची पट्टी. फरक दिसायला किरकोळ आहे, पण वजनाचा मध्यबिंदू कुठे येतो ते बघा. नाकाखाली चाक असेल तर तो मुख्य चाकांच्या पुढे असतो. विमान वाकडे झाले तरी पुढचे वजन त्याला पुन्हा सरळ ओढते. शेपटीखाली चाक असेल तर तो मुख्य चाकांच्या मागे येतो. आता विमान जरा वाकडे झाले की मागचे वजन तिरके पुढे धावू बघते आणि वाकडेपणा वाढवते. तळहातावर काठी उभी तोलून धरण्यासारखे आहे हे. काठी कलू लागली त्याच क्षणी हात हलवला तर बोटभर हालचाल पुरते, उशीर केला तर धावत सुटले तरी ती पडतेच.

म्हणून जुने शिक्षक सांगत आले: पाय स्थिर ठेवू नका, छोटे छोटे ठोके देत राहा. दाबा आणि सोडा. नवशिका काय करतो? नाक बरेच वळेपर्यंत थांबतो, मग एक पॅडल शेवटपर्यंत दाबून धरतो, विमान सरळ होते, सरळ होऊन दुसरीकडे जाते, आणि मग दुसरे पॅडल शेवटपर्यंत. तिसऱ्या हेलकाव्याला पंख गवतात.

नाक मुळात वळतेच का, तर त्याला कारण प्रोपेलर आहे. त्याने मागे फेकलेली हवा गोल फिरत जाते आणि शेपटीच्या पात्याला एका बाजूने धडकते. शेपूट खाली असताना प्रोपेलर तिरका असतो, त्यामुळे खाली येणारे पाते वर जाणाऱ्यापेक्षा जास्त खेचते. वेग आला आणि शेपूट उचलली की फिरत्या प्रोपेलरचा भोवऱ्यासारखा गुण जागा होतो आणि नाकाला आणखी एक हिसका बसतो. ही सगळी मंडळी एकाच बाजूला ओढतात.

## पुढचे काही दिसत नाही, हे असेच असते

शेपूट जमिनीवर असताना नाक आकाशाकडे. मागच्या बैठकीतून समोर इंजिनाचे झाकण दिसते आणि वरच्या पंखाची खालची बाजू. सिम्युलेटरमध्ये लोक मग खुर्ची वर सरकवतात किंवा बाहेरच्या कॅमेऱ्यातून चालवतात. करू नका. खरे वैमानिक जमिनीवर नागमोडी चालतात, नाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दर वेळी बाजूने डोकावून पुढे बघतात.

उतरतानाही तोच प्रश्न. त्यात टायगर मॉथला फ्लॅप नाहीत, म्हणजे पंखामागून खाली सोडून वेग आणि उंची मारण्याची सोय नाही. मग करायचे काय? घसरायचे. स्टिक डावीकडे, पॅडल उजवे. विमान अंग तिरके करून हवेला आडवे जाते, विरोध खूप वाढतो, उंची भराभर कमी होते आणि वेग मात्र वाढत नाही. शिवाय नाक बाजूला गेल्याने धावपट्टीही दिसते. प्रवासी विमानातून आलेल्याला हे चक्क चूक वाटते, कारण गोळी मुद्दाम एका कोपऱ्यात ठेवायची असते. माझ्या लेखी या विमानांतली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच.

शेवटी जमिनीलगत विमान सरळ करायचे आणि टेकू द्यायचे नाही. स्टिक हळूहळू मागे, आणखी मागे. सुमारे ४० नॉट म्हणजे ताशी साधारण ७५ किलोमीटरच्या आसपास पंख उचल द्यायचे थांबतात. याला स्टॉल म्हणतात. तो क्षण जमिनीपासून वीतभर उंचीवर आला तर तिन्ही चाके एकदम टेकतात. दोन मीटरवर आला तर धपकन आवाज येतो. सपाट पडद्यावर उंचीचा अंदाज फसवा असतो. नजर समोर न ठेवता नाकाच्या बाजूने, थोडी दूर गवतावर ठेवली की बरेच सुधारते. डोक्याला लावायचा व्हीआर चष्मा असेल तर इथे त्याचा खरा उपयोग कळतो.

आणि विमान टेकले म्हणजे झाले असे नाही. टायगर मॉथला ब्रेक नाहीत. थांबेपर्यंत पाय चालूच.

## सिम्युलेटर दाखवतो ते खरे मानायचे का?

रास्त शंका. प्रत्येक सिम्युलेटरची गणिताची पद्धत वेगळी. एक्स-प्लेन पंख आणि प्रोपेलरचे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरची हवेची ताकद मोजतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरही २०२० च्या आवृत्तीपासून विमानाच्या पृष्ठभागावर अनेक ठिकाणी हिशेब मांडतो. फ्लाइटगिअर फुकट मिळतो आणि त्याचे अंतरंग कोणालाही उघडून बघता येते. साध्या उड्डाणात, वळणात, घसरण्यात हे सगळे बऱ्यापैकी विश्वासार्ह असतात.

कच्चे दुवे दोन. पहिला, स्टॉलच्या पलीकडचे वागणे. विमान गिरक्या घेत खाली जाते तेव्हा हवा इतकी विस्कटलेली असते की घरच्या कॉम्प्युटरचा हिशेब अंदाजावर चालतो. तिथे जे दिसेल ते गंमत म्हणून बघावे. दुसरा दुवा जमीन. टायर किंवा नालेची पट्टी गवताला किती धरते, आडव्या वाऱ्यात किती सरकते, हे बऱ्याच विमानांच्या प्रतिकृतींत ढोबळ असते. म्हणून तेच टायगर मॉथ एका निर्मात्याचे शहाणे वागते आणि दुसऱ्याचे बर्फावर असल्यासारखे. सुरुवातीला सांगितलेला सॉफ्टवेअरवरचा संशय खरा ठरतो तो इथे.

एक दोष मात्र आपल्याच हातात असतो. खरी स्टिक गुडघ्यांमधून वर येणारी, लांब असते. टेबलावरची जॉयस्टिक जेमतेम वीतभर. आपण तिला बोटभर हलवले तर विमानाला ते हातभर वाटते. सेटिंगमध्ये जाऊन मधल्या भागातली संवेदनशीलता कमी केली की निम्मे उड्या मारणे थांबते.

## पॅडल नसतील तर जमणारच नाही का?

जमते. मुठीत पिळून फिरवता येणारी जॉयस्टिक असेल तर तेच रडर. पॅडलची मजा निराळी, पण त्यासाठी थांबून राहायचे कारण नाही. नुसत्या कीबोर्डवर मात्र या विमानांच्या वाटेला जाऊ नये, कारण कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते, आणि इथे सगळा खेळ अर्ध्यामुर्ध्या दाबाचा आहे.

पॅडलपेक्षा महत्त्वाची गोष्ट फुकट आहे. सेटिंगमध्ये ऑटो-रडर किंवा तत्सम नावाची मदत असते, आणि नवशिक्यांसाठी ती बऱ्याचदा आधीच चालू असते. ती बंद करा. मदत चालू असताना सिम्युलेटर तुमच्या वतीने पाय मारत असतो, म्हणजे हे विमान जे शिकवायला बनले तेच नेमके वगळले जाते. बाकी मदती हव्या तर ठेवा. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याची रीत पहिल्या दिवशी शिकायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि ई दाबले की इंजिन आपोआप सुरू होते. सवडीने ती रीतही बघा. टायगर मॉथचे मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचे, स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला लावलेले आहेत. प्रोपेलरला हात घालणाऱ्या माणसाला ते चालू आहेत की बंद, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावे म्हणून.

## मग यावरून खरे विमान चालवता येईल?

नाही, आणि घरच्या खेळाचे तास परवान्यासाठी मोजलेही जात नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त यंत्र लागते. बुडाखालचा धक्का, स्टिकवर वाढत जाणारा हवेचा दाब, पोटात येणारा गोळा यांतले काही टेबलावर मिळत नाही. पण सिम्युलेटरला पोरखेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात घ्यावा. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावात एड लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. तिथलेच भाते वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवर डोलणारे, कलणारे, वळणारे एक छोटे विमान बनवले. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसारखे वापरले गेले. १९३४ मध्ये टपालाची विमाने खराब हवेत एकामागून एक कोसळू लागल्यावर अमेरिकी लष्कराने त्याच्याकडून सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे चालू होती, आणि त्यांत बसणारी पोरे मैदानावर जाऊन बायप्लेनमध्ये शिकत होती. म्हणजे सिम्युलेटर आणि शिकाऊ बायप्लेन हे जुने सहकारी आहेत.

घरी जे खरोखर शिकता येते ते असे: कुठली गोष्ट कशानंतर करायची, नाक वळू लागल्याचे लवकर ओळखायचे, आणि हात-पाय एका लयीत हलवायचे. एक वाईट सवयही हमखास लागते, ती म्हणजे घड्याळांकडे टक लावून बसणे. जमेल तेव्हा वेग आणि उंचीची घड्याळे दिसणार नाहीत अशी नजर वर ठेवा, आणि क्षितिज नाकाच्या कुठे येते व इंजिनाचा आवाज कसा आहे यावरून उडवा.

## सुरुवात कशी करावी

डांबरी धावपट्टी नको, गवताचे मैदान निवडा. इंग्लंडमधले ओल्ड वॉर्डन हे जुन्या उडत्या विमानांच्या संग्रहाचे मैदान चांगले. जुनी मैदाने नुसती मोकळी असत आणि वारा जिकडून येई तिकडे तोंड करून विमाने उतरत. आडव्या वाऱ्याशी झुंज हा पुढे ठराविक दिशेच्या धावपट्ट्या आल्यावर मागे लागलेला त्रास आहे. वारा आधी शून्य ठेवा.

पहिल्यांदा उडायचेच नाही. अर्ध्या थ्रॉटलवर मैदानात सरळ धावा, थांबा, वळा, परत या. हे कंटाळवाणे आहे आणि तरीही सगळ्यात जास्त उपयोगाचे आहे. मग उड्डाण, सुरक्षित उंचीवर डावी-उजवी वळणे, गोळी मधोमध. मग उंचीवरच स्टॉल करून बघा: इंजिन मंद, स्टिक मागे, आणि टायगर मॉथच्या वरच्या पंखाच्या पुढच्या कडेची झडप आपोआप उघडते ती नजरेत भरू द्या. ती उघडली म्हणजे वेग फार कमी झाला, हा त्याचा निरोप. उतरणे त्यानंतर, आणि वारा वाढवायचा तोही समोरून, थोडा थोडा.

टायगर मॉथ सरळ पळू लागले की स्टिअरमन घ्या. टायगर मॉथचा प्रोपेलर बैठकीतून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून नाक उजवीकडे जाते आणि डावे पॅडल लागते. स्टिअरमनचा फिरतो घड्याळाच्या दिशेने. शिकलेला पाय पहिल्या धावेला खात्रीने चुकीचा पडतो.